किशोरवयातील गुडघेदुखी: कारण कसे शोधावे आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत

बारा ते अठरा या वयातील मुलगा किंवा मुलगी गुडघा दुखत असल्याची तक्रार वारंवार करू लागली की घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर “वाढीचे वय आहे, हाडे वाढताना दुखतातच” असे म्हणून तेल चोळून विषय संपवला जातो, नाही तर खेळ, सायकल, जिने असे सारे बंद करून मुलाला महिनाभर घरी बसवले जाते. या दोन्ही मार्गांनी दुखणे सहसा लांबते. या वयातील गुडघेदुखीची बहुतेक कारणे साधी असतात, नीट पाहिल्यास ओळखता येतात आणि शस्त्रक्रियेविना बरी होतात. मात्र काही मोजके आजार असेही आहेत, ज्यांची पहिली खूण गुडघेदुखी हीच असते आणि ज्यांत काही दिवसांचा उशीरही महागात पडतो. पालकांनी, आणि समजत्या वयाच्या मुलांनी स्वतःही, क्रमाने काय पाहावे व काय करावे ते पुढे दिले आहे. डॉक्टरांच्या तपासणीला हा पर्याय नाही. पण नेमकी माहिती घेऊन गेल्यास निदान लवकर होते, हे निश्चित.

“वाढीचे दुखणे” या शब्दाविषयी आधीच सांगणे आवश्यक आहे. या नावाचे दुखणे खरोखरच असते, परंतु ते साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांत आढळते. त्यात दोन्ही पाय दुखतात, दुखणे नडगी, पोटरी किंवा मांडीत असते, सांध्यात नसते, ते संध्याकाळी किंवा रात्री येते आणि सकाळी मूल नेहमीसारखे हुंदडत असते. चौदा वर्षांच्या मुलाचा एकच गुडघा तीन आठवडे दुखत असेल, तो लंगडत असेल किंवा गुडघ्याला सूज असेल, तर या वर्णनात ते बसत नाही आणि कारण शोधलेच पाहिजे.

पहिली पायरी: थांबण्यासारखे आहे का, हे ठरवावे

ताप आहे, गुडघा लाल, गरम व सुजलेला आहे आणि मूल पाय टेकवू देत नाही किंवा गुडघा हलवू देत नाही, अशी स्थिती असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सांध्यात पू झाल्यास कूर्चेची हानी काही दिवसांतच होते, आणि ती भरून येत नाही. “आजची रात्र पाहू” असा विचार येथे करू नये.

खेळताना गुडघा पिळवटला, आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म सुजला, तर सांध्याच्या आत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते. कबड्डीत पकड होताना पाय जमिनीत रुतलेला असतो आणि वरचे शरीर वळते, तेव्हा पुढचे लिगामेंट (गुडघ्यातील दोन हाडे जोडणारा बंध) तुटण्याची ही ठरलेली रीत आहे. वाटी बाहेरच्या बाजूला सरकून पुन्हा जागेवर आली असेल तरीही सूज अशीच येते. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर एक्स-रे त्याच दिवशी काढावा. किरकोळ धक्क्याने मुलाचा गुडघा असा वारंवार सुजत असेल, किंवा दात पडल्यावर रक्त बराच वेळ थांबत नसेल, तर हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराची, तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

याखेरीज रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, विश्रांती घेऊनही न थांबणारे आणि आठवड्यागणिक वाढणारे दुखणे, गुडघ्याच्या जरा वर किंवा जरा खाली हाताला लागणारी टणक सूज, घटणारे वजन, फिकटपणा, विनाकारण उठणारे काळे-निळे डाग, यांपैकी काहीही दिसल्यास चार-सहा दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा नावाचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण तो प्रामुख्याने याच वयात होतो आणि मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचे वरचे टोक ह्याच त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या जागा आहेत. बऱ्याचदा खेळताना लागल्याचे निमित्त होते, सगळ्यांचे लक्ष त्या माराकडे राहते आणि मालीश सुरू होते. कारण न कळलेल्या सुजेवर मालीश कोणाकडूनही, विशेषतः हाडे बसवणाऱ्या वैदूकडून, करून घेऊ नये. साध्या एक्स-रेमध्येही बहुतेक वेळा संशय घेण्याजोगी खूण दिसते. अशी खूण दिसली, तर हाडाचा तुकडा तपासणीसाठी काढण्याची घाई जवळच्या रुग्णालयात करू नये. ज्या केंद्रात पुढची शस्त्रक्रिया व्हायची, तेथेच तो काढला जावा. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तुकडा काढणाऱ्या सुईची जागा चुकल्यास पाय वाचवणारी शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते.

दुसरी पायरी: गुडघा पाहण्याआधी खुबा पाहावा

गुडघेदुखीवरील लेखात खुब्याचा विषय इतक्या लवकर का, असे वाटेल. खुब्याकडून येणारी एक मज्जातंतूची शाखा गुडघ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे खुब्यातील बिघाडाची वेदना कित्येकदा केवळ गुडघ्यातच जाणवते. मूल गुडघ्याकडे बोट दाखवते, गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो निर्दोष येतो, सगळे निश्चिंत होतात आणि खरा आजार खुब्यात वाढत राहतो.

या आजारांत सर्वांत महत्त्वाचा म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचे घसरणे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि त्याची मान यांच्यामध्ये वाढीच्या कूर्चेचा थर असतो. साधारण दहा ते सोळा या वयात, बहुधा वजन जास्त असलेल्या मुलांत, या थरातून गोळा हळूहळू सरकू लागतो. मूल किंचित लंगडते, त्या पायाचे पाऊल चालताना बाहेरच्या बाजूला वळलेले असते आणि दुखणे जांघेत, मांडीत किंवा नुसत्या गुडघ्यात असते. हे काही आठवडे किंवा महिने असेच चालू शकते, आणि मग एखाद्या साध्या घसरण्याने गोळा एकदम सरकतो. तसे झाल्यास त्याचा रक्तपुरवठा तुटून खुबा कायमचा निकामी होण्याचा धोका असतो.

घरी एक साधी पाहणी करता येते. मुलाला पाठीवर झोपवावे. मांडी सरळ वर उभी राहील आणि नडगी जमिनीला समांतर राहील, अशा रीतीने खुबा व गुडघा दोन्ही काटकोनात वाकवावेत. आता गुडघा जागेवर स्थिर ठेवून पाऊल हळूच बाहेरच्या दिशेला न्यावे. याने खुबा आतल्या बाजूला फिरतो. आधी न दुखणाऱ्या पायाने पाहावे, मग दुखणाऱ्या. दुखणारी बाजू स्पष्टपणे कमी फिरत असेल, फिरवताना जांघेत किंवा गुडघ्यात कळ येत असेल, किंवा गुडघा पोटाकडे आणताना मांडी आपोआप बाहेर वळत असेल, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे समोरून आणि बाजूने काढून घ्यावा, आणि तो होईपर्यंत मुलाला त्या पायावर चालू देऊ नये. मूल जोरात लंगडत असेल किंवा पाय टेकवतच नसेल, तर मात्र ही पाहणी घरी करू नये. त्याला उचलून थेट रुग्णालयात न्यावे. गोळा घसरत असल्याचे निदान झाल्यास स्क्रू घालून तो आहे तेथे स्थिर करतात. वेळेवर झालेली ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते.

खुब्याचा विचार आणखी एका कारणासाठी करावा लागतो. नंदुरबार, गडचिरोली, पालघर, अमरावती, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील अनेक समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या मुलांना हाडांत कळांचे झटके येतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडून तो झिजू शकतो. अशा कुटुंबातील मुलाचे पाय वारंवार दुखत असतील, तर गुडघ्याची गोळी देण्याआधी रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती होते.

तिसरी पायरी: एका बोटाने जागा दाखवायला सांगावे

तातडीचे काही नाही आणि खुबा मोकळा फिरतो, हे पाहिल्यानंतर मुलाला बसवून, गुडघा वाकवून, “सर्वांत जास्त कुठे दुखते ते एकाच बोटाने दाखव” असे सांगावे. निदानाचा मोठा भाग या एका प्रश्नाने उलगडतो.

बोट वाटीच्या खाली तीन-चार बोटांवर, नडगीच्या वरच्या टोकाला असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर टेकले, तो उंचवटा दुसऱ्या पायापेक्षा मोठा दिसत असला आणि दाबल्यावर मूल पाय मागे घेत असले, तर हे बहुधा ऑसगुड-श्लाटर असते. बोस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झ्युरिकचे कार्ल श्लाटर यांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले, म्हणून हे जोडनाव. मांडीच्या पुढच्या बाजूचा बलवान स्नायू वाटीवरून खाली येऊन या उंचवट्याला जोडलेला असतो. उंची झपाट्याने वाढत असताना हाड लांब होते, स्नायू त्या मानाने ताठ राहतो आणि उंचवट्यापाशी अजून पक्के हाड न झालेली कूर्चा असते. गिलावा ओला असतानाच भिंतीत खिळा ठोकून त्यावर रोज वजन टांगावे, तसे धावताना आणि उड्या मारताना त्या जागेचे होते. मुलींत हे साधारण दहा ते तेरा आणि मुलांत बारा ते पंधरा या वयात दिसते. काहींना दोन्ही गुडघ्यांत होते. गुडघे टेकून बसणे, वज्रासन, जिना उतरणे आणि उडी मारून जमिनीवर येणे यांनी ते उसळते. वाढ पूर्ण झाली की ते थांबते, परंतु तोवर एक ते दोन वर्षे कमी-अधिक होत राहू शकते, हे पालकांनी आधीच समजून घेतले तर प्रत्येक उसळीला नवा डॉक्टर शोधावा लागत नाही.

बोट वाटीच्याच खालच्या टोकावर टेकले आणि मूल दहा ते तेरा वर्षांचे असले, तर यंत्रणा तीच, फक्त ताणाची जागा थोडी वर असते. सोळा-सतरा वर्षांच्या व्हॉलीबॉल, बास्केटबॉल किंवा लांब उडीच्या खेळाडूला त्याच जागी दुखत असेल, तर तेथील स्नायुबंध स्वतःच थकलेला असतो. उपायांची दिशा तिन्हींत सारखीच आहे.

काही मुलांना, आणि मुलींना अधिक, एक बोट टेकवताच येत नाही. त्या पूर्ण तळहात वाटीवर फिरवून “इथे सगळीकडे” असे सांगतात. जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना किंवा दोन तासांच्या शिकवणीनंतर बाकावरून उठताना कळ येते, पण सूज नसते. वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधील घर्षणाचा हा त्रास असून त्याचे मूळ बहुधा मांडी व नितंबाच्या स्नायूंच्या अशक्तपणात आणि अचानक वाढवलेल्या श्रमांत असते. आरशासमोर एका पायावर उभे राहून गुडघा थोडासा वाकवायला सांगावा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत झुकत असेल आणि कंबर दुसऱ्या बाजूला कलत असेल, तर व्यायाम नेमका कशासाठी करायचा आहे हे मुलीला स्वतःलाच दिसते.

बोट गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूच्या फटीवर टेकले आणि गुडघा मध्येच अडकत असेल, तर गुडघ्यातील दोन हाडांमधली कूर्चेची गादी फाटल्याची शंका घ्यावी. नेमकी जागा सांगता येत नाही, खेळल्यानंतर थोडी सूज येते आणि आत काहीतरी खडखडते अशी तक्रार असेल, तर मांडीच्या हाडाच्या टोकाला कूर्चेखालचा लहानसा तुकडा सैल होत असण्याची शक्यता असते. वाढीची कूर्चा अजून खुली असेल तर काही महिने उड्या व धावणे बंद ठेवल्याने हा तुकडा पुष्कळदा पुन्हा सांधतो. म्हणून हे निदान लवकर व्हावे.

चौथी पायरी: दोन आठवड्यांची नोंद ठेवावी

साध्या वहीत रोज तीन ओळी पुरतात: दिवसभरात काय केले, दुखणे शून्य ते दहापैकी किती होते, आणि सकाळी उठल्यावर गुडघा कसा होता.

पहिल्या ओळीत सगळे लिहावे, केवळ “खेळ” नव्हे. गावोगावी सोळा-सतरा वर्षांची मुले पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटरची वेळ गाठायची असते, आणि कालपर्यंत न धावणारे मूल पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर धावू लागते, तेही झिजलेल्या तळव्याच्या बुटांनी. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत ढोल-ताशा पथकाच्या सरावात कमरेला जड ढोल बांधून तासन्‌तास उभे राहणे आणि उड्या घेणे हेही गुडघ्यावरचे काम आहे, पण घरी त्याची गणती कोणी श्रमांत करत नाही. शाळेचा कबड्डीचा सराव, संध्याकाळची अकादमी आणि रविवारचा सामना यांचे वेळापत्रक तीन वेगळ्या माणसांच्या हाती असते. एकूण बेरीज फक्त मुलाच्या पायांना माहीत असते.

तिसरी ओळ वेगळ्या आजारांसाठी आहे. सकाळी गुडघा अर्धा-पाऊण तास आखडलेला राहतो, हालचालीने मोकळा होतो आणि सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकते, तर हा मुलांमधील संधिवात असू शकतो. तो सोळा वर्षांच्या आत सुरू होतो, आणि त्यात डोळा लाल न होताही आतून सुजू शकतो, म्हणून निदान होताच नेत्रतज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. घसा दुखून गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि एक गुडघा बरा होताच दुसरा किंवा घोटा सुजू लागला, तर हृदयाच्या झडपांवर परिणाम करणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाचा विचार करावा. त्यात अनेक वर्षे ठरावीक दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि सांधेदुखी थांबली म्हणून ते थांबवायचे नसते. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळी बारीक ताप आणि घरात कोणाला क्षयरोग झालेला, या खुणा एकत्र दिसल्यास हाडाच्या क्षयरोगाची तपासणी करावी. चिकनगुनियानंतरची सांधेदुखी पावसाळ्यानंतर बरीच दिसते. ती काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळते.

पाचवी पायरी: भार कमी करावा, हालचाल थांबवू नये

कारण ताणाचे आहे असे दिसत असेल, तर सरसकट विश्रांतीला माझा स्पष्ट विरोध आहे. महिनाभर बसून राहिलेल्या मुलाची मांडी बारीक होते, आणि ते मैदानावर परतते तेव्हा तोच ताण आधीपेक्षा अशक्त स्नायूवर येतो. करायचे ते असे: खेळातील उड्या, वेगाचे धावणे आणि एकदम दिशा बदलणे हे दोन ते चार आठवडे थांबवावे. फेकीचा सराव, पोहणे, खोगीर उंच केलेली सायकल, वरच्या शरीराचा व्यायाम चालू ठेवावा. व्यायाम करताना दुखणे दहापैकी तीनच्या आत असावे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलेले असावे. सकाळी ते वाढलेले असेल, तर कालचे काम जास्त झाले असे समजून ते निम्मे करावे.

या काळात उकिडवे बसणे आणि वज्रासन टाळावे. शाळेत जमिनीवर बसायचे असेल तर पाय लांब करण्याची मुभा शिक्षकांना चिठ्ठी लिहून मागावी; ही मागणी अवाजवी नाही. सूर्यनमस्कारात गुडघे जमिनीवर टेकतात त्या स्थितीत जाड घडी घालावी किंवा ती स्थिती काही दिवस वगळावी.

खेळानंतर बर्फ कापडात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे लावावा. उघडा बर्फ त्वचेवर लावू नये. दुखणे जास्त असलेल्या दिवशी पॅरासिटामॉल चालते. एका वेळेची मात्रा वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ताप असताना, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नये. सामन्याआधी गोळी घेऊन खेळणे तर अजिबात नको, कारण थांबायला सांगणारी वेदनाच त्याने झाकली जाते.

ड जीवनसत्त्वाविषयी बरेच गैरसमज आहेत. त्याची खरी कमतरता आपल्याकडे किशोरवयीन मुलामुलींत आढळते. तिने हाडे दुखतात, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकावे लागतात आणि तीव्र असल्यास पाय वाकतात. पण एका बोटाने दाखवता येणारे दुखणे पुड्यांनी जात नाही. साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

सहावी पायरी: रोज वीस मिनिटांचा व्यायाम

पहिल्या आठवड्यात फक्त दोन. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबावी. पाच ते दहा सेकंद धरून सोडावे, असे दहा वेळा. वाटीच्या वर आतल्या बाजूचा स्नायू फुगताना दिसला पाहिजे, आणि तो दिसत नसेल तर मूल नितंबाने जोर लावत आहे. दुसरा: पाठीवर झोपून एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर उचलावा, पाच सेकंद थांबून हळू खाली आणावा, दहाच्या तीन फेऱ्या.

दुसऱ्या आठवड्यापासून नितंबांचे व्यायाम जोडावेत. सेतुबंधासनात कंबर उचलून दहा सेकंद धरावी. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलावा. तो किंचित मागे राहील आणि पाऊल छताकडे वळणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण पाऊल वर वळले की काम चुकीचा स्नायू करतो. वाटीच्या घर्षणाच्या त्रासात हेच व्यायाम सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि मुले नेमके हेच कंटाळून सोडतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीला पाठ टेकवून थोडेसे, साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत, खाली यावे आणि वीस-तीस सेकंद थांबावे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहावा. ताणाचे व्यायाम, म्हणजे पोटरी, मांडीची मागची बाजू आणि पुढची बाजू यांचे, प्रत्येकी तीस सेकंद तीन वेळा करावेत. मात्र ऑसगुड-श्लाटरचा उंचवटा फार दुखत असताना मांडीच्या पुढच्या बाजूचा ताण देऊ नये, त्याने उलट ओढ वाढते. फरक जाणवायला सहा आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला बारा. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून पद्धत एकदा तपासून घेतली तर नुसत्या चुकीच्या सवयीने वाया जाणारे आठवडे वाचतात.

वाटीखाली बांधायचा पट्टा काही मुलांना खेळताना आराम देतो. लावून पाहायला हरकत नाही. दिवसभर घालायची घट्ट नी-कॅप मात्र उपचार नव्हे.

सातवी पायरी: डॉक्टरांकडे काय न्यावे, काय विचारावे

वही, वापरातले बूट आणि हाफ पँट, या तीन वस्तू न्याव्यात. दोन्ही पाय जांघेपर्यंत उघडे करून, उभे करून, चालवून आणि झोपवून तपासणी व्हायला हवी; खुबा फिरवून पाहिला नसेल तर नम्रपणे विचारावे. पहिली तपासणी एक्स-रे, तीही दोन्ही गुडघ्यांची असेल तर तुलना होते. सूज रेंगाळत असेल तर रक्ताच्या साध्या तपासण्या होतात. एमआरआय गादी, लिगामेंट किंवा सैल तुकड्याच्या संशयात उपयोगी आहे. ऑसगुड-श्लाटरसाठी त्याची सहसा गरज नसते. त्या उंचवट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घ्यावे, कारण त्याने स्नायुबंध आणि त्वचा दुबळी होऊ शकते. खर्चाची अडचण असेल तर सरकारी व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची सोय त्यात आहे.

आठवी पायरी: मैदानावर परतणे

जिना उतरताना दुखत नाही, दोन्ही मांड्यांची ताकद सारखी वाटते आणि एका पायावर दहा उड्या विनाकळ मारता येतात, या तिन्ही गोष्टी साधल्यावर परतावे. तारीख पाहून परतू नये. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्माच सराव, पुढे दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. मुलाच्या वयाची जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्यात ठरवून केलेला सराव नसावा, हा क्रीडावैद्यकातील रूढ संकेत प्रशिक्षकांना पालकांनीच सांगावा. भरतीची तयारी करणाऱ्यांनी धावणे मातीच्या मैदानावर एकाआड एक दिवस ठेवावे आणि मधल्या दिवशी ताकदीचे व्यायाम करावेत. परतल्यावर महिनाभर वही चालू ठेवावी.

ऑसगुड-श्लाटरचा उंचवटा दुखणे थांबल्यावरही बहुधा तसाच राहतो. त्याने काही बिघडत नाही. गुडघे टेकताना मात्र काहींना तो टोचतो. वाढ पूर्ण होऊनही दुखणे टिकले तर तेथे हाडाचा सुटा कण राहिलेला असू शकतो, आणि एक्स-रेने त्याची खात्री करून तो काढण्याची शस्त्रक्रिया करता येते. तिची गरज फार थोड्यांना पडते, आणि ती वाढ संपल्यानंतरच करावी.